लाईट लागतो, पण फाईल जात नाही

प्रश्न: नमस्कार, आमचा आंब्याचा धंदा आहे. बिलांचा कॉम्प्युटर पडवीत, दुसरा माडीवर, दोन्हीत विंडोज 11. मध्ये राऊटर नाही, लॅन केबल सरळ ह्यातून त्यात, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. गेल्या सीझनला मस्त चालायचं. मध्ये माडीवरचा फॉरमॅट केला, तेव्हापासून पोर्टचा लाईट लागतो पण 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' येतं, आयपी पत्ता 169.254 ने सुरू होतो आणि फाईल काही जात नाही. पुतण्या म्हणतो क्रॉस केबल, म्हणजे एका टोकाला तारा उलटसुलट जोडलेली, आणा. आणू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर: नका आणू, पैसे फुकट जातील. आजकालचे गिगाबिट (1000 एमबीपीएस वेगाचे) पोर्ट सरळ-क्रॉस स्वतःच जुळवून घेतात. आणि राऊटर नसला की 'अनआयडेंटिफाइड' येणारच, त्याला घाबरू नका.

खरी भानगड फॉरमॅटमध्ये आहे. आयपी वाटणारं कोणी नसलं की विंडोज स्वतःच 169.254 वाला घेतं. दोन्हीकडे तसाच असता तरी चाललं असतं, पण खालच्यात बहुतेक कोणीतरी पूर्वी हाताने आयपी टाकलेला असणार आणि वरचा फॉरमॅटमध्ये उडाला, मग दोघांची गाठ पडणार कशी! खाली 192.168.50.1 टाका, वर 192.168.50.2, सबनेट मास्क दोन्हीकडे 255.255.255.0. गेटवे, म्हणजे नेटकडे जायच्या दाराचा पत्ता, मात्र रिकामा ठेवा, नाहीतर हॉटस्पॉट चालू असूनही कॉम्प्युटर नेट केबलमधून शोधत बसेल.

मग पिंग करून, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारून उत्तर येतंय का ते बघा. वरून खाली जातंय पण खालून वर नाही, असं झालं तर वरचा फायरवॉल अडवतोय. इथरनेटच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक' असेल ते 'प्रायव्हेट' करा, फाईल शेअरिंग चालू करा, फोल्डर शेअर करा. पासवर्ड मागेल तिथे पिन टाकून उपयोग नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो, इथे भलेभले अडकतात.

आता केबल. त्याच इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड बघा. दोन्ही पोर्ट गिगाबिट असून 100 दाखवत असेल तर केबलमधली तारांची एखादी जोडी गेलेली असते, कारण 100 ला चारपैकी दोनच जोड्या लागतात आणि 1000 ला चारही, म्हणून लाईट लागतो, काम चालतं, पण रडतखडत. आपल्याकडे खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरवट पडतात, बॅटरी मारून बघा. घासत बसू नका, टोक कापून नवीन कनेक्टर क्रिंप करून घ्या, दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच. उंदराने मध्येच कुरतडली असेल तर जोड देऊ नका, अख्खी बदला, आणि घेताना शुद्ध तांब्याची मागा, स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची निघते.

आणि मे-जूनमध्ये गडगडायला लागलं की केबल दोन्हीकडून काढून ठेवा, वीज लांब पडली तरी पोर्ट जळतो.