धर्मग्रंथांतले खाण्याचे नियम पोटासाठी की मनासाठी?

दोन्ही. आणि मनाचा अर्थ आजकालच्या लोकांनी चिकटवलाय असं समजू नका, हा वाद जुनाच आहे. छांदोग्य उपनिषदात (७.२६.२) 'आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः' येतं, म्हणजे आहार शुद्ध तर मन शुद्ध. शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेलं सगळं, पाहिलेलं-ऐकलेलंसुद्धा, असा अर्थ लावला. रामानुजाचार्यांनी मात्र ताटातलं अन्नच धरलं.

ज्यूंकडेही तेच. लेवीय या त्यांच्या धर्मग्रंथाच्या ११व्या अध्यायात, जमिनीवरच्या प्राण्यांपैकी रवंथ करणारा आणि दुभंगलेल्या खुराचा प्राणीच खायचा, असं आहे. म्हणून उंट बाद, डुक्करही बाद. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो सांगतो: रवंथ म्हणजे शिकलेलं पुन्हापुन्हा घोळवणं, दुभंगलेला खूर म्हणजे बरं-वाईट वेगळं करणं. अर्थ कळला म्हणून नियम सोडा, असं मात्र तो म्हणत नाही.

आमच्या सोलापुरात आजी चातुर्मासात कांदा-लसूण बंद करायची. शेंगाचटणीत लसूण नाही म्हणजे काय राहिलं सांगा! खलबत्त्यात नुसतं दाणे, तिखट, मीठ. आणि ती कुटता कुटता शेजारणीच्या सुनेची उणीदुणी मात्र यथासांग चालायची. शंकराचार्य मला तिथेच पटले.