ऑपरेशन लपवलं आणि वजन परत येऊ लागलं

"मॅडम, एवढं ऑपरेशन केलं आणि वजन परत वाढायला लागलंय. सगळं फुकट गेलं का हो?"

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन दोनेक वर्षं झाली की माणसं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

बाई शाळेत शिकवतात. त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली होती. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला त्यांना जेवणाची आठवणच व्हायची नाही. वजन ११२ किलोवरून ७८ वर आलं, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. मग काटा हळूहळू ८४ वर गेला आणि त्यांनी आहारतज्ज्ञांकडे जाणंच सोडलं.

"का सोडलंत?"

"काय तोंड दाखवू?"

सर्वांत कमी वजन साधारण बारा ते अठरा महिन्यांत गाठलं जातं. त्यानंतर थोडं परत येणं नेहमीचं आहे, त्यात ऑपरेशन फसलं असं काही नाही. हे मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पण चेहरा तसाच. मग मी खाण्याबद्दल बोलणं थांबवून विचारलं, "ऑपरेशनचं घरात कोणाकोणाला माहीत आहे?"

"फक्त ह्यांना. बाकी सगळ्यांना डाएट केलं म्हणून सांगितलंय."

इथे मला धागा सापडला. लग्नकार्यात आग्रह व्हायचा. पुरी-भाजीचे चार घास घेतले की छाती भरून यायची, पण श्रीखंड मात्र सहज उतरायचं. ताटातलं काहीतरी संपलेलं दिसलं की कोणी विचारत नसे. शाळेत सगळ्यांबरोबर चहा-बिस्किटं, कारण नको म्हटलं की चौकशा. भाकरी, उसळ, अंडी, कोंबडी पोटात टिकते आणि थोडक्यात पोट भरतं. बासुंदी, आईस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्किट मात्र त्या छोट्या जठरातूनही पटकन पुढे सरकतं. सहा किलो असे आले होते.

"पण लपवायचं कशासाठी?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "कारण हे मी मेहनतीनं नाही केलं. पैसे भरून केलं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची समुपदेशक आहे. घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ आपल्याला जास्त छळतो, हे या पद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला रोज पटतं. म्हणून धीर देण्याऐवजी मी विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना म्हणालात का, की नजर मेहनतीनं मिळवायला हवी होती?"

त्या हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आजारी होते?"

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला गप्प राहता आलं पाहिजे. लहानपणापासून 'खादाड' ऐकलेल्या बाईंनी पहिल्यांदाच स्वतःकडे आरोपी म्हणून न पाहता रुग्ण म्हणून पाहिलं होतं. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते त्यांचं स्वतःचं वाक्य झालं. त्या खूप रडल्या. पुढच्या भेटीला आल्या त्या आहारतज्ज्ञांची वेळ ठरवूनच. मुंजीच्या पंगतीत मावशींनी आग्रह केला तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय, एवढंच जातं." मावशींनी वाटी उचलून बाजूला ठेवली, एवढंच झालं!

माझं ठाम मत झालं आहे की पुष्कळांच्या बाबतीत वजन परत येतं त्यामागे भुकेपेक्षा लाज मोठी असते. लाज वाटली की माणूस एकटा खातो आणि तपासण्या चुकवतो. शस्त्रक्रियेनंतर नेमकं हेच परवडत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व या गोळ्या आणि ठरावीक काळानं रक्ततपासण्या जन्मभर लागतात. जेवताना आधी प्रथिनं, घास बारीक चावून, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. काही महिन्यांनी केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. सतत उलट्या होत असतील तर घरी वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडून मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. मन फार खचलं, जगावंसं वाटेनासं झालं, तर तेही त्याच तातडीने सांगा. गरोदरपण किमान बारा ते अठरा महिने लांबवा. दारूपासून दूरच राहा, विशेषतः गॅस्ट्रिक बायपासनंतर (हृदयाचा नव्हे, जठर लहान करून थेट आतड्याला जोडण्याची वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया) ती झपाट्याने चढते आणि व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

नातेवाइकांना सांगायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तुमच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मात्र सांगायलाच हवं, अगदी दातांच्या डॉक्टरांनाही. बायपास झालेल्या माणसाला आयबुप्रोफेनसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांनी अल्सर होऊ शकतो, आणि तुम्ही बोलल्याशिवाय ते त्यांना कळणार नाही. ऑपरेशन ठरवून माझ्याकडे येणाऱ्यांना आता मी पहिल्याच भेटीत घरातली दोन नावं विचारते: ज्यांच्यासमोर अर्धी वाटी भात ठेवून उठता येईल अशी.