‘स्टिरिऑलॉजी’ला त्रिमितीय म्हणू नका

प्रश्न : फुप्फुसावरील संशोधनाच्या मराठी सारांशात ‘स्टिरिऑलॉजी’साठी ‘त्रिमितीय सूक्ष्मदर्शन’ चालेल का? आणि ‘वायुकोशांची घनता’ हा प्रयोग बरोबर आहे का?

उत्तर : पहिले मुळीच चालणार नाही. ‘स्टिरिओ’ दिसले की ‘त्रिमितीय’ चिकटवायचे, हे आता फार झाले. ते वाचून कुणालाही वाटेल की पडद्यावर फुप्फुसाचे फिरवता येणारे चित्र उमटते. या शास्त्राला तसले चित्र लागतच नाही. पातळ, सपाट छेद घ्यायचे, त्यांवर बिंदूंची किंवा रेषांची जाळी ठेवायची, किती बिंदू कशावर पडले ते मोजायचे आणि त्यावरून मूळ वस्तूचे माप काढायचे. छेदातले क्षेत्रफळाचे प्रमाण हेच घनफळाचे प्रमाण, हे देलेस या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १८४७ मध्येच खडकांसाठी दाखवले होते. नाव मात्र १९६१चे, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये फेल्डबर्गला भरलेल्या बैठकीतले.

ग्रीक ‘स्टिरिऑस’ म्हणजे टणक, भरीव. त्यात ‘तीन’ नाही आणि गाण्याच्या स्टिरिओमुळे डोक्यात बसलेले ‘दोन’ही नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, ‘घन’, आणि त्याची व्युत्पत्ती तर अप्रतिम आहे. पाणिनीचे सूत्र आहे, ‘मूर्तौ घनः’. काठिण्य सांगायचे असेल तेव्हा ‘हन्’ (मारणे, ठोकणे) धातूपासून ‘घन’ होतो. ठोकून ठोकून जे घट्ट झाले ते घन. लोहाराचा घण त्याच घराण्यातला. दाट दह्याला संस्कृतात ‘दधिघन’ म्हणत. गणितातला ‘घात’ही (जुन्या अर्थाने गुणाकार) ‘हन्’चाच, आणि भास्कराचार्यांची व्याख्या पाहा : तीन समान संख्यांचा घात म्हणजे घन. टणकपणा आणि घनफळ एकाच शब्दात नांदतात, ग्रीक शब्दात नांदतात तसेच. म्हणून माझा आग्रह ‘घनमिती’चा. ‘घन’वर आधीच अर्थांची गर्दी आहे, म्हणून ‘त्रिमिती’ सुरक्षित, असे सांगणारे परिभाषापंडित आहेत. ‘घनमूळ’ वाचताना कुठल्या विद्यार्थ्याला ढग आठवतो, ते त्यांनी दाखवावे.

याच शास्त्रातल्या मोजणीच्या एका युक्तीला, ‘डिसेक्टर’लाही, लोक बिनदिक्कत ‘विच्छेदक’ म्हणतात. विच्छेदकाच्या इंग्रजी शब्दात ‘s’ दोन असतात, इथे एकच आहे. डाय-सेक्टर, म्हणजे छेदांची जोडी. सपाट छेदात प्रत्येक गोष्टीची एक मिती गळते : घनफळाचे क्षेत्रफळ होते, पृष्ठाची रेषा, लांबीचा बिंदू, संख्या मात्र पार नाहीशी होते. मोठे वायुकोश छेदात जास्त वेळा सापडतात, म्हणून एका छेदातली मोजणी फसवते. ठरावीक अंतरावरचे दोन छेद घेऊन एकात दिसणारे आणि दुसऱ्यात न दिसणारे तेवढेच मोजले की फसगत टळते. ही युक्ती १९८४ मध्ये ‘डी. सी. स्टेरिओ’ या टोपणनावाने छापली गेली. त्या नावाची रोमन अक्षरे उलटसुलट लावा, ‘डिसेक्टर’च मिळतो! मी हे ज्याला त्याला सांगत असतो.

याच वाटेने २००४ मध्ये माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी सुमारे ४८ कोटी वायुकोश निघाले. सहा जणांच्या फुप्फुसांतली संख्या २७ कोटींपासून ७९ कोटींपर्यंत होती. वायबेल आणि गोमेझ या संशोधकांचा जुना आकडा ३० कोटींचा.

राहिली ‘घनता’. घनता म्हणजे वस्तुमान भागिले घनफळ; संख्येसाठी तो शब्द वापरू नये. ‘दर घनसेंटिमीटरमागे वायुकोश’ असे सरळ लिहा, आणि शेजारी पूर्ण फुप्फुसाचे घनफळ द्याच. छेद घेण्यासाठी मेणात बसवताना ऊती आक्रसते, एम्फिसीमा या फुप्फुसाच्या आजारात फुप्फुस फुगते; एकही वायुकोश कमीजास्त न होता हे गुणोत्तर बदलू शकते.