६५ हजारांत जुना पीसी ४के गेमिंगला तयार होईल का, की सगळाच नवा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहता. २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला पीसी आहे: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि २२ इंची फुल एचडी मॉनिटर. हातात ६५ हजार आहेत आणि ४के वर गेम खेळायचे आहेत. पीसी विकून नवा घ्यावा की यातच भर घालावी, हे तुम्ही विचारलंय.

पीसी विकू नका. ४के चा विचार मात्र या बजेटपुरता सोडा आणि १४४०पी वर या. मी ऐरोलीला राहतो आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे असे पीसी सुधारून दिलेत. पैसे चुकीच्या जागी गेले की किती हळहळ वाटते ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पिक्सेलचा हिशेब. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६०×१४४०, साधारण ३६.९ लाख. ४के म्हणजे ३८४०×२१६०, जवळपास ८३ लाख, म्हणजे तुमच्या आत्ताच्या स्क्रीनच्या बरोबर चौपट. ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला साठ-सत्तर वेळा हे सगळे पिक्सेल रंगवायचे असतात. १४४०पी ला काम पावणेदोन पटीच्या थोडं वर जातं आणि मधल्या किमतीचं नवं कार्ड ते नीट पेलतं. चौपट काम पेलणारं कार्ड घ्यायचं तर तुमचं सगळं बजेट एकट्या कार्डात जाईल, वर ४के मॉनिटरचा खर्च वेगळाच.

खरेदीच्या आधी आज रात्रीच, एक रुपयाही न घालता, एक चाचणी करा. तुमच्या कार्डात डीएसआर नावाची सोय आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’ उघडा, तिथे ‘डीएसआर फॅक्टर्स’ मध्ये १.७८ आणि ४.०० या दोन खुणा करा. आता गेमच्या सेटिंगमध्ये २५६०×१४४० आणि ३८४०×२१६० हे पर्याय दिसू लागतील. मॉनिटर फुल एचडीच राहील, पण कार्ड तेवढे पिक्सेल खरोखर रंगवून मग चित्र लहान करून दाखवेल. म्हणजे कार्डावरचा भार तुम्हाला खराखुरा मोजता येईल.

तुम्ही सर्वात जास्त खेळता तो गेम घ्या आणि त्यातली एकच जागा निवडा, शक्यतो गर्दीची. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधून ठेवणारी सेटिंग) बंद ठेवा. बाकी सगळी सेटिंग्ज तशीच ठेवून फक्त रिझोल्यूशन बदलत जा: आधी ७२०पी, मग १०८०पी, मग १४४०पी, शेवटी ४के. प्रत्येक वेळी एफपीएस (दर सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) कागदावर लिहा. ७२०पी ला कार्डाला फारसं काम उरत नाही, त्यामुळे तिथे दिसणारा आकडा साधारणपणे प्रोसेसरची कमाल सांगतो. रिझोल्यूशन वाढवलं तरी प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं, वाढतं ते कार्डाचं. समजा ७२०पी ला ८५ एफपीएस मिळाले आणि १४४०पी ला २८, तर नवं कार्ड टाकल्यावर त्या गेममध्ये तुम्ही ८५ च्या आसपास जाऊ शकता, त्यापुढे प्रोसेसर आडवा येईल. तुम्हाला ६० ते ७५ पुरत असतील तर प्रोसेसरला आत्ता हात लावायची गरजच नाही. ७२०पी लाच ५० मिळत असतील तर गोष्ट वेगळी, मग रॅम आणि प्रोसेसरचा नंबर आधी.

रॅम दोन्ही परिस्थितींत वाढवावीच लागेल. ८ जीबीची एकच स्टिक आहे, म्हणजे ती सिंगल चॅनेलवर (डेटाच्या एकाच मार्गाने) चालते आणि रायझनला त्याचा चांगलाच फटका बसतो. त्याच वेगाची, जमल्यास त्याच कंपनीची दुसरी ८ जीबीची स्टिक टाका. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये दोन्ही बसवा. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मदरबोर्डाची सेटिंग्ज) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते बंदच राहिलेलं असणं फार कॉमन आहे, आणि मग ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० वगैरे वेगाने चालत राहते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळे डीडीआर४ ची (तुमच्या बोर्डाला लागणारी रॅमची पिढी) स्टिक सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही. घरी आणल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा, एकही एरर आली तर परत करा.

भाव चढल्यामुळेच सगळा पीसी नव्याने घेणं आत्ता मला पटत नाही. नव्या पिढीचा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, आणि त्यावर डीडीआर५ रॅम. एवढ्यात तुमचे निम्मे पैसे जातील आणि १४४०पी ला चित्रात पडणारा फरक अगदी थोडा असेल. शिवाय तुमच्या एएम४ (प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) बोर्डाचं आयुष्य अजून संपलेलं नाही. बी४५० वर रायझन ५ ५६०० बसतो, सोबत कूलरही येतो, आणि २६०० च्या तुलनेत गेममध्ये उडी मोठी आहे. तो पुढच्या बोनसवर ठेवा. घ्याल तेव्हा जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अपडेट करा, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर चालूच होत नाही. आणि अपडेट यूपीएसवर करा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायोस अर्धवट लिहिला गेला तर बोर्ड दुरुस्तीला न्यावा लागतो.

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात तो एसएमपीएस. कॅबिनेटची बाजूची पत्रा-झाकणी काढा आणि एसएमपीएसवरचं स्टिकर टॉर्च लावून वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट असेल, तो आकडा सोडून द्या. खाली तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना असतो, त्याखाली अँपिअर लिहिलेले असतात. त्या आकड्याला १२ ने गुणा. तिथे २० अँपिअर असतील तर या लाइनवर तुम्हाला फक्त २४० वॉट मिळतायत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. तुमचा ६५ वॉटचा रायझन जोरात चालला की ८८ वॉटपर्यंत जातो, नव्या कार्डाचे १६० धरा, पंखे आणि एसएसडी वेगळे. शिवाय कार्ड क्षणभरासाठी लिहिलेल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं. २४० मध्ये हे बसत नाही. गेम ऐन रंगात आला की पीसी धाडकन बंद होणं किंवा रीस्टार्ट होणं, यामागे बहुतेकदा हेच असतं आणि लोक मात्र विंडोज पुन्हा टाकत बसतात.

म्हणून ५५० किंवा ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, निदान ५ वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस घ्या. ८० प्लस ब्राँझचा शिक्का चांगला, पण तो कार्यक्षमतेचा आहे, आतल्या मालाच्या दर्जाची हमी नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं जास्त महत्त्वाची. कार्डाला ८ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून आलेली हवी. त्या वायरीवर १५० वॉट आणि मदरबोर्डाच्या स्लॉटवर ७५ वॉट असा हिशेब ठरलेला असतो. जुन्या हार्ड डिस्कच्या पिना जोडून ८ पिन बनवणारं कन्व्हर्टर दुकानदार फुकट देऊ करेल, ते घेऊ नका. वायर तापून वितळू शकते.

कार्डाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं (ही कार्डाची स्वतःची मेमरी). जून २०२५ मध्ये हे आलं. ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही प्रकारांना नाव एकच आहे, म्हणून विचारताना १६ म्हणाच आणि बिलावरही ते लिहून घ्या. १४४०पी ला टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) हाय ठेवले की काही नव्या गेमना ८ जीबी अपुरे पडतात. मग कार्ड मदरबोर्डावरून रॅमकडे धाव घेतं आणि गेम अडखळायला लागतो.

इथे तुमच्या बोर्डाचा एक मुद्दा येतो. बी४५० वर कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ३.० चा आहे. ९०६० एक्सटी त्यातल्या सोळा लेन (डेटाचे मार्ग) वापरतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आठच लेन वापरतं, म्हणजे जुन्या बोर्डावर त्याचा रस्ता निम्माच रुंद. ५०६० टीआय च्या १६ जीबी कार्डावर हा फरक थोडाच जाणवतो, पण ८ जीबीच्या कार्डावर मेमरी भरली की चांगलाच जाणवतो. डीएलएसएस (एनव्हिडियाची चित्र वाढवून दाखवायची सोय) आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) तुम्हाला फार हवं असेल आणि किमतीतला फरक झेपत असेल तर ५०६० टीआय १६ जीबी घ्या, ८ जीबी मात्र दोन्हीतलं कुठलंच नको. इंटेलचं आर्क बी५८० स्वस्तात १२ जीबी देतं आणि व्हिडिओंमध्ये त्याचं खूप कौतुक होतं. पण ते जुन्या प्रोसेसरसोबत मंदावतं आणि त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं जवळपास अनिवार्य आहे. २६०० वर ते बसवू नका.

जुनं १०६० ठेवून भागवायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. विकायचं असेल तर आत्ताच विका.

सेकंडहँड कार्डाबद्दल: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि तेव्हाची ढीगभर कार्डं बाजारात आली, ती अजून फिरतायत. बिल आणि शिल्लक वॉरंटी असेल तरच घ्या, आणि विकणाऱ्याच्या पीसीवर अर्धा तास गेम चालवून तापमान स्वतः बघा. नुसता चालू केलेला डेस्कटॉप दाखवला तर निघून या.

मॉनिटर २७ इंची, १४४०पी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दाखवणारा पॅनलचा प्रकार). दुकानात २७ इंची फुल एचडी स्वस्तात दाखवतील, तो नको. तुमच्या २२ इंचीवर इंचाला साधारण १०० पिक्सेल आहेत, २७ इंची फुल एचडीवर ८२ च उरतात, म्हणजे मोठा स्क्रीन घेऊन अक्षरं फाटलेली दिसणार. २७ इंची १४४०पी वर १०९ मिळतात. घरी आल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ की जे असेल ते निवडा, आपोआप ते ६० वरच राहिलेलं असू शकतं.

आणि ४के ची हौस? हॉलमध्ये ४के टीव्ही असेल तर एचडीएमआयने हाच पीसी जोडा आणि गेममध्ये एफएसआर (एएमडीची चित्र वाढवून दाखवायची सोय) ‘परफॉर्मन्स’ वर ठेवा. आत गेम १०८०पी ला चालतो आणि चित्र ४के पर्यंत वाढवून दाखवलं जातं. सोफ्यावरून आठ-दहा फुटांवर ते खरंच छान दिसतं.

पैशांच्या माझ्या मर्यादा अशा: कार्ड ३८ ते ४० हजार, मॉनिटर १६, एसएमपीएस ५, रॅम ४. हे बाजारभाव नाहीत, यापुढे जाऊ नका असं सांगतोय. भाव दर आठवड्याला हलतात. कार्डच वर गेलं तर मॉनिटर दोन महिने पुढे ढकला, एसएमपीएस ढकलू नका.

खरेदीला ऑनलाइन भाव मोबाईलवर उघडे ठेवून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एक फेरी मारा. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. पक्कं जीएसटी बिल मागा, त्यावर कार्डाचा सीरियल नंबर हवा आणि तो खोक्याशी व कार्डाशी जुळवून बघा. बिलाशिवाय दोन-तीन हजार कमी सांगितले तर त्या कार्डाला भारतातली वॉरंटी नसण्याची शक्यता मोठी. निघण्याआधी कॅबिनेटमध्ये टेप लावून मोजा: मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे. कार्डाची लांबी त्याच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर लिहिलेली असते.

घोडबंदरला मेट्रोच्या आणि बांधकामांच्या कामामुळे धूळ किती येते ते तुम्हाला माहीतच आहे. कार्ड बसवायच्या दिवशीच कॅबिनेट ब्लोअरने साफ करा, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला, आणि पुढच्या बाजूला हवा आत ओढणारा एक पंखा नसेल तर लावा. मे महिन्यात दुपारी खेळलात तर त्याचा उपयोग कळेल.

७२०पी आणि १४४०पी चे एफपीएस, आणि स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर एवढं खाली लिहा. ५६०० आत्ताच घ्यायचा की थांबायचं, ते त्यावरून सांगतो.