चुलीवरचा पंखा: वाचकांच्या थापा आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही एक कोडं घातलं होतं. लाकडं जाळायच्या लोखंडी शेगडीवर ठेवायचा ॲल्युमिनियमचा एक छोटा पंखा मिळतो. त्याला वायर नाही, प्लग नाही, सेल नाही. शेगडी तापली की काही मिनिटांत फिरायला लागतो, विझली की हळूहळू थांबतो. तो कशानं फिरतो ते लिहा. खरं माहीत नसेल तर थाप चालेल, फक्त ती पचली पाहिजे, असं म्हटलं होतं. नागपूरकरांना थापा मारायची अशी उघड परवानगी दिल्यावर पत्रं कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातली निवडक पत्रं आणि त्याच निमित्तानं आलेले खरे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: यात कोडं कायचं जी? गरम हवा वर जाते, ती पात्यांले ढकलते, पंखा फिरते. दिव्यावर कागदाची नागमोडी पट्टी टांगली का फिरते ना, तसंच. (महाल)

उत्तर: सगळ्यात जास्त पत्रं याच उत्तराची आली आणि यातले बहुतेक जण थाप मारत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटतं. कागदाची पट्टी फिरते हे बरोबर, कारण तिचा आस उभा असतो आणि हवा खालून वर जाताना तिला तिरपी लागते. या पंख्याचा आस आडवा आहे. वर जाणारी हवा पात्यांच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागाला जवळपास सारखीच लागते, म्हणजे फिरवायला उरतं काय?

पंखा हाताशी असेल तर एक साधी परीक्षा करा. मागच्या छोट्या मोटरला दोन टोकं असतात. पंखा फिरत असताना चिमट्यात धरलेला तारेचा तुकडा त्या दोन्ही टोकांना एकदम टेकवा. पंखा थांबतो. तार काढा, पुन्हा फिरतो. शेगडी तेवढीच तापलेली, हवा तेवढीच वर जाते आहे, तरी थांबला. कारण वीज मोटरमधून जायची सोडून तारेतून गेली. यात काही बिघडत नाही.

ही वीज येते पायाचा ठोकळा आणि वरच्या उभ्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या चौकोनी पांढऱ्या वडीतून. तिला पेल्टियर मॉड्यूल म्हणतात. साधारण ४० मिलिमीटर लांब-रुंद आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर जाड. दोन सिरॅमिक पट्ट्यांमध्ये बिस्मथ टेल्युराइडचे बारीक ठोकळे, बहुतेक वेळा १२७ जोड्या, एकापुढे एक जोडलेले असतात. जोडीतला एक ठोकळा एका जातीचा, दुसरा उलट जातीचा. एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की प्रत्येक जोडी अंशामागे साधारण ०.४ मिलिव्होल्ट देते. १२७ जोड्यांचे मिळून अंशामागे सुमारे ५० मिलिव्होल्ट. दोन बाजूंत ४० अंशांचा फरक पडला तर २ व्होल्ट, आणि मोटर जोडल्यावर त्यातला निम्मा, १ व्होल्ट हाती लागतो. छोट्या मोटरला तेवढा पुरतो.

तुमच्या आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या पत्रांत एकच गोष्ट राहून गेली आहे. सगळ्यांनी खालची उष्णता धरली, वरचा गारवा कोणी धरला नाही. नुसत्या उष्णतेनं या मॉड्यूलला काही होत नाही. दोन्ही बाजू २०० अंशांवर ठेवल्या तर वीज शून्य.

प्रश्न: पंख्याच्या पोटात नागपुरी संत्र्याच्या सालीचं तेल भरलेलं असतं. तापलं की त्याची वाफ होते आणि आतलं चक्र फिरवते. म्हणून तर शेगडीजवळ गोड वास येतो. (इतवारी)

उत्तर: वास जळणात टाकलेल्या सालींचा असावा. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. ते उकळायला १७६ अंश लागतात, पण त्याची वाफ ५० अंशांच्या आसपासच ठिणगी मिळताच पेट घेते. हा पंखा खोलीत एकदाच चालला असता, आणि तोही दणक्यात. थाप म्हणून मात्र पैकीच्या पैकी गुण.

प्रश्न: नागपूर देशाच्या मधोमध आहे. झीरो माइलच्या आसपास पृथ्वीच्या फिरण्याचा जोर सगळ्यात सरळ लागतो. शेगडीच्या उष्णतेनं तेलपाणी पातळ होतं आणि तो जोर पंख्याला पकडता येतो. (सिव्हिल लाइन्स)

उत्तर: पृथ्वी दिवसाला एक फेरा घालते, पंखा मिनिटाला काहीशे. मधे गिअर कुठे बसवलेत ते कळवा. शिवाय हाच पंखा कॅनडातही फिरतो, तिथे झीरो माइल नाही.

प्रश्न: आत लोहचुंबक आहे. शेगडी लोखंडाची, तापली की तिच्यातली चुंबकी शक्ती सुटते आणि आतल्या चुंबकाला फिरवते. (धरमपेठ)

उत्तर: ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळतं पाणी घेऊन त्यात पंख्याचा पाया बोटभर बुडवून ठेवा, तरी तो सावकाश फिरेल. म्हणजे लोखंडाचा संबंध नाही. पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तापमानाच्या फरकातून वीज होण्याचा हा परिणाम १८२१ मध्ये ज्यांच्या लक्षात आला ते शास्त्रज्ञ थॉमस झेबेकसुद्धा चुंबकावरच अडले होते. दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की जवळची चुंबकसुई हलते हे त्यांनी पाहिलं आणि उष्णतेतून चुंबकत्व निर्माण होतं असा निष्कर्ष काढला. खरं तर तारेतून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेमुळे हलत होती. हे ओळखून या प्रकाराला उष्णता-वीज म्हणणारे होते डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड. पंख्यात चुंबक आहेच, पण मोटरच्या आत, आणि त्याला उष्णतेचा जाचच होतो.

प्रश्न: पायाखाली एक वाकडी पट्टी दिसते. तीच तापून वाकते-सरळ होते आणि पंख्याला ढकलते. हे तर डोळ्यानं दिसतं! (हिंगणा रोड)

उत्तर: पट्टी खरी आहे, काम वेगळं आहे. ती दोन धातूंची जोडपट्टी असते. शेगडी प्रमाणाबाहेर तापली की ती वाकून पंख्याची एक कड किंचित उचलते, म्हणजे उष्णता कमी चढते आणि मॉड्यूल वाचतं. बऱ्याच पंख्यांची मर्यादा ३४०-३५० अंशांच्या घरात असते. पट्टी काढून टाकून ‘आता नीट टेकतो’ म्हणणारेही भेटतात. त्यांचा पंखा फार दिवस टेकत नाही.

प्रश्न: सगळं खोटं. आत चोरून सेल बसवला आहे. (नाव-गाव नाही)

उत्तर: शेगडीच्या पत्र्यावर सेल फार वेळ टिकला नसता, आधी गळला असता आणि मग फुटला असता.

प्रश्न: फरकानं फिरते म्हनता, तर मंग बर्फावर ठेवला तर फिरन का? (नंदनवन)

उत्तर: फिरेल, आणि उलटा फिरेल. महिनाभरात आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. मे महिन्यातल्या दुपारी, कूलर बंद असलेल्या खोलीत करून पाहा. परातीत बर्फाची सपाट लादी घ्या, तिच्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी पसरा आणि पंख्याचा पाया वर दाबून ठेवा. खाली शून्य अंश, वर ४० अंशांची हवा. दोन-तीन मिनिटांनी पात्यांना बोटानं हलका धक्का द्या. आता गरम बाजू वर आणि गार खाली, म्हणून विजेची दिशा पालटते आणि मोटरही उलटी फिरते. वेग बेताचाच असतो. बर्फावरून गरम हवा वर जात नाही, वाफ होत नाही, पट्टी वाकत नाही, त्यामुळे वरच्या बहुतेक थापा या एका लादीवर आडव्या होतात. झाल्यावर पायावर जमलेलं दव पुसून घ्या, मॉड्यूलच्या कडेतून ओल आत शिरू देऊ नका. जानेवारीत मात्र हा प्रयोग फसेल, फरक पुरत नाही.

प्रश्न: मग नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या तापलेल्या टिनावर ठेवला तर फुकटात हवा मिळेल का? (मानेवाडा)

उत्तर: नाही मिळणार. टिन ६५ अंश तापलं तरी भोवतीची हवा ४५ अंश, आणि वरच्या पट्ट्यांवरही ऊनच पडतं. फरक उरतो किती? या पट्ट्यांवर ओलं मलमल टाकलं तर गोष्ट बदलते. कोरड्या हवेत, म्हणजे ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना, ओलं कापड २३-२५ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपला कूलर याच्यावरच चालतो. पंखा थोडा फिरेल, मोटरवर पाणी पडू देऊ नका. पण हवा खायला हा मार्ग नव्हे, मॉड्यूलमधून मिळणारी वीज अर्ध्या वॅटच्या आतबाहेर.

प्रश्न: घरी बनवायचा आहे. पाण्याच्या जुन्या डिस्पेन्सरमधलं मॉड्यूल आणि खेळण्यातली मोटर आहे. फिरत नाही. (वर्धा रोड)

उत्तर: मोटर चुकीची आहे आणि मॉड्यूलही या कामासाठी बनवलेलं नाही. डिस्पेन्सरमधलं मॉड्यूल बहुधा टीईसी१-१२७०६ असतं. ते गार करण्यासाठी बनवलेलं, आतल्या जोडांचा डाग बऱ्याचदा १३८ अंशांना वितळणाऱ्या कथिल-बिस्मथ मिश्रणाचा. चालतं, पण गरम बाजू १२० च्या पुढे नेऊ नका. वीज काढण्यासाठी बनवलेलं एसपी१८४८-२७१४५ घेतलं तर १५० पर्यंत सहन करतं. खेळण्यातली पिवळ्या गिअरची मोटर ३ व्होल्टला जागी होते आणि तुमच्याकडे आहे १ व्होल्ट. कबाड्याकडून जुना सीडी प्लेअर आणा आणि त्यातली तबकडी फिरवणारी मोटर काढा, ती १ व्होल्टच्या आत फिरते.

बाकी जोडणी अशी. खाली १० मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, वर जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा उभ्या पट्ट्यांचा ठोकळा. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता नीट पोचवणाऱ्या मलमाचा, कागदाइतका पातळ थर. जास्त लावली तर तीच आडकाठी होते. आवळायला ४ मिलिमीटरचे दोन स्टीलचे बोल्ट, खाली स्प्रिंग वॉशर आणि वरच्या ठोकळ्याला टेकतात तिथे अभ्रकाचे वॉशर. अभ्रक विसरलात तर बोल्टच खालची उष्णता वर पोचवतात आणि फरक खातात. घरच्या पंख्यांतली निम्मी निराशा इथेच होते. बोल्ट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळा. एकच बाजू कसली तर सिरॅमिक तडकतं. पातं अर्ध्या मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, १५ सेंटिमीटर व्यासाचं, हलकं.

आता वरचा ठोकळा एवढा मोठा कशाला, ते आकड्यात पाहा. ४० अंशांच्या फरकानं मॉड्यूलमधून साधारण २० वॅट उष्णता जाते आणि वीज होते फक्त ०.४ वॅट. उरलेली जवळपास सगळी उष्णता वर येते आणि ती हवेत टाकणं हे ठोकळ्याचं काम. पातं त्या पट्ट्यांवरून हवा ओढेल असंच बसवा. पंखा आधी स्वतःची गार बाजू गार ठेवतो, खोलीचं नंतर.

प्रश्न: विकत घेतलेला पंखा पहिल्या थंडीत जोरात फिरायचा, आता रखडतो. (काटोल रोड)

उत्तर: आधी जागा बदलून पाहा. शेगडीच्या मागच्या कडेला, धुराच्या नळकांड्यापासून वीतभर दूर ठेवा, म्हणजे मागून गार हवा ओढेल. मधोमध ठेवला तर वरच्या पट्ट्याही तापतात. तरी रखडला तर पातं हातानं फिरवा. अडकत असेल तर मोटरच्या बुशात धूळ आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. मोकळं फिरत असेल तर मोटरची एक तार सोडवून मल्टिमीटर लावा. तापल्यावर १ व्होल्टसुद्धा दिसत नसेल तर पेस्ट वाळली आहे किंवा मॉड्यूल गेलं. उघडून दोन्ही बाजू स्पिरिटनं पुसा, नवी पेस्ट लावा. तरी शून्यच आलं तर मॉड्यूल बदला.

प्रश्न: डिसेंबरात खोलीत कोळशाची सिगडी ठेवतो. तिच्यावर तवा, तव्यावर पंखा. चालेल का? (पारडी)

उत्तर: पंखा चालेल. तुमचं काय होईल ते सांगता येत नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीत तो झोपेतच माणूस मारतो. हा पंखा आतलीच हवा आत फिरवतो, बाहेर काही टाकत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, थंडी आम्हालाही कळते. तरी सिगडी अंगणात किंवा गॅलरीत ठेवा, झोपायच्या खोलीत नाही. हा पंखा धुराड्याच्या बंद शेगडीसाठी आहे.

प्रश्न: आमच्या पंख्यात वडी नाही, तारा नाहीत, वर एक दांडा खालीवर होतो. हा डुप्लिकेट का? (गांधीबाग)

उत्तर: डुप्लिकेट नाही, वेगळ्या घराण्याचा आहे. त्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. स्कॉटलंडचे पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये पेटंट घेतलेलं. आत कोंडलेली हवा गरम टोकाला फुगते, गार टोकाला आकसते आणि पिस्टन हलवते. गार टोक इथेही लागतंच. स्वतःहून सुरू होत नाही. पाया तापल्यावर पात्याला हातानं एक धक्का द्यावा लागतो. पिस्टन रखडतो म्हणून त्यात तेल सोडू नका. ग्राफाइटचा पिस्टन कोरडाच चालायचा असतो. तेल गेलं असेल तर गार झाल्यावर पिस्टन काढून स्पिरिटनं पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग बसवा.