क्षेत्र बदलताना पगाराची अपेक्षा कशी सांगावी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

शाळेतील अध्यापन सोडून कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जाण्याचा तुझा निर्णय पक्का झाला, मुलाखतीचे बोलावणेही आले, आणि आता "आपली पगाराची अपेक्षा किती?" या एकाच प्रश्नाची धास्ती वाटते, असे तू कळवलेस. ती वाटणे स्वाभाविक आहे. त्याच क्षेत्रात नोकरी बदलणारा माणूस चालू पगारावर काही टक्के वाढ धरून आकडा सांगतो. क्षेत्रच बदलणाऱ्याला ती सोय नसते. तुझा आजचा पगार हा आजच्या कामाचा आणि त्या क्षेत्राच्या ऐपतीचा आहे. नव्या कामाचा मोबदला त्यावरून ठरवायला गेलीस, तर तो फार कमी तरी निघेल किंवा अवास्तव तरी.

म्हणून उत्तराची खरी तयारी मुलाखतीच्या आधी करायची असते. त्या पदाला, त्या शहरात, तेवढ्या आकाराच्या कंपनीत काय देतात याची चौकशी कर. जाहिरातींतून आणि संकेतस्थळांवरून ढोबळ अंदाज येईल, पण सर्वांत भरवशाची माहिती ते काम करणाऱ्या माणसांकडे असते. त्यांना "तुम्हाला किती मिळतात?" असे न विचारता, "या पदावर नव्याने येणाऱ्याने किती मागणे वाजवी ठरेल?" असे विचार; या प्रश्नाचे उत्तर द्यायला लोकांना संकोच वाटत नाही. मग तीन आकडे कागदावर लिही: ज्याच्या खाली तुझे घर चालणार नाही तो, चौकशीतून वाजवी ठरलेला, आणि ऐकताच तू होकार देशील तो. पहिला आकडा फक्त तुझ्यासाठी आहे, तो कोणालाही सांगू नकोस.

मुलाखतीत प्रश्न लवकर आला, तर आधी कामाची व्याप्ती विचार आणि या पदासाठी किती तरतूद आहे हेही विचार. हा उद्धटपणा नाही. युरोपीय संघाने 2023 साली केलेल्या वेतन-पारदर्शकतेच्या निर्देशात तर उमेदवाराला सुरुवातीच्या वेतनाची किंवा त्याच्या मर्यादांची माहिती आधी मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि मालकाने उमेदवाराचा पूर्वीचा पगार विचारण्यास मनाई केली आहे.

पूर्वीच्या पगाराबाबत एवढी काळजी का, हे समजून घे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका प्रयोगाचे वर्णन आहे. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवले आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल, असे विचारले. चक्र 10 वर थांबलेले पाहणाऱ्यांचा मध्यम अंदाज 25 निघाला, 65 वर थांबलेले पाहणाऱ्यांचा 45. ज्या आकड्याचा विषयाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यानेही अंदाज ओढून नेला. तुझा जुना पगार आधी बोलला गेला, तर पुढची सगळी चर्चा त्याच्याच आसपास फिरेल. मात्र थेट विचारल्यावर खोटा आकडा मुळीच सांगू नकोस; वेतनपत्रके मागितली जातात आणि विश्वास गेला की नोकरीही जाते. खरे सांग आणि लगेच जोड दे: "तो पगार वेगळ्या क्षेत्रातील वेगळ्या कामाचा होता; माझी अपेक्षा या पदाच्या जबाबदाऱ्या पाहून ठरवली आहे."

शेवटी आकडा सांगावाच लागला, तर "इतके ते इतके" असा अरुंद पल्ला सांग, आणि त्याचे खालचे टोक वाजवी आकड्यावरच ठेव, कारण समोरच्याच्या लक्षात खालचेच टोक राहते. सांगून झाल्यावर थांब. शांतता अवघड वाटून आपणच आपला आकडा कमी करणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली आहे.

"मला या क्षेत्राचा अनुभव नाही, द्याल ते चालेल," हे वाक्य मात्र तुझ्या तोंडून निघता कामा नये. वेगवेगळ्या वकुबाच्या माणसांना एकच अवघड विषय एकाच वेळी समजावणे, त्यांना तो कळला की नाही हे तपासणे आणि न कळल्यास दुसरी वाट काढणे हेच प्रशिक्षण विभागाचे काम आहे, आणि ते तू वर्षानुवर्षे केले आहेस. नवी आहेत ती त्या उद्योगाची माहिती आणि तिथली साधने. एवढ्यापुरती तडजोड कर. सगळी कारकीर्द शून्यावर आणू नकोस.

तडजोड करून कमी पगार स्वीकारलास, तर सहा महिन्यांनी कोणत्या कामाच्या आधारे फेरविचार होईल हे नियुक्तीपत्रात लिहून घे. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी तोवर दुसऱ्या विभागात गेलेला असू शकतो. पॅकेजमधील ठरलेला पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती आणि दरमहा हाती किती येणार, हेही होकार देण्यापूर्वी विचार.

मुलाखतीच्या आधी तुझे तीन आकडे आणि ते कशावरून काढलेस हे मला कळव. आपण ते एकदा बारकाईने तपासू.

तुझा हितचिंतक