टेबलाच्या पलीकडून: न्यू जर्सीच्या शाळेत मुलं घालण्याआधी

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची कंपनी एल-१ व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा) न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास पाठवतेय, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघंही सीबीएसईला. मुलीची दहावी पुण्यातच उरकून निघावं का? शाळा चांगल्या आहेत का? सध्याच्या राजकारणाची झळ मुलांना लागेल का? तिथे एकटेपणा येतो का? व्हिसाचे फॉर्म आणि शाळांच्या क्रमवाऱ्या तुम्हाला कुठेही मिळतील. मी इथल्या सरकारी शिक्षणव्यवस्थेतून निवृत्त झालेय, पालक ज्या टेबलासमोर बसतात त्याच्या पलीकडे बसून. तिकडून जे दिसतं ते लिहिते. मध्येच सूर चिडका वाटला तर राग तुमच्यावर नाही, एवढं धरून चाला.

दहावीसाठी थांबू नका. इथलं हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं एकसंध असतं आणि डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे गुणांक) लागतात. त्यात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं, आर्थिक व्यवहारांचा अर्ध्या वर्षाचा कोर्स, शारीरिक शिक्षण दरवर्षी. दहावी करून आलेली मुलगी अकरावीत बसली, तर हे सगळं दोन वर्षांत कोंबावं लागतं. अकरावीतच एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते, हायस्कूलच्या डिप्लोमासाठीची राज्याची परीक्षा असते, आणि कॉलेजसाठी शिफारसपत्र अशा शिक्षकांकडे मागायचं असतं ज्यांनी तिला जेमतेम सहा महिने पाहिलेलं असतं. आठवी संपवून सप्टेंबरात नववीत बसणं हा सगळ्यात सोपा सांधा आहे. तो तुमच्या हातात आहे, सोडू नका.

खरी मेख गणितात आहे. आपल्याकडे 'गणित' हा एकच विषय. इथे त्याचे अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस असे पाच जिने, आणि चढायला वर्षं चार. नववीत अल्जेब्रा १ मिळालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसवर गाडी थांबते. इथल्या बऱ्याच मुलांनी अल्जेब्रा १ आठवीतच संपवलेलं असतं. तुमच्या गुणपत्रिकेवर नुसतं 'मॅथेमॅटिक्स' असेल, तर मुलांचे विषय ठरवून देणारा शाळेचा समुपदेशक सावधपणे तिला खालच्या पायरीवर बसवतो. त्यात दुष्टपणा नसतो. एकेकाच्या माथी शेकडो मुलं असतात आणि कागदावर काही लिहिलेलं नसतं.

म्हणून शाळेकडून लेटरहेडवर आठवीच्या गणिताचे घटक लिहून घ्या, इंग्रजीत, शिक्क्यासह. वह्या सोबत आणा. आल्याबरोबर प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या पायरीवर बसवायचं ते ठरवणारी परीक्षा, मागा, ईमेलने. आणि 'आपलं गणित पुढे असतं' या भ्रमात राहू नका. बैजिक राशी, अवयव हे तिला येत असेल. पण फंक्शनची खूण, रेषेचा चढ, आलेखावरून समीकरण, वर्गसमीकरणाचं सूत्र हे सीबीएसईच्या आठवीत पुरेसं होत नाही आणि परीक्षा नेमकी त्यावर असते. निघण्यापूर्वी दोन महिने रोज तासभर एवढंच करून घ्या. तरीही अल्जेब्रा १ च मिळालं, तर पुढच्या एखाद्या वर्षी जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ एकत्र घेता येतील का, की उन्हाळ्यात क्रेडिटसह एक पायरी चढता येईल, हे पहिल्याच भेटीत विचारा. नियम दर डिस्ट्रिक्टचा (गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) वेगळा असतो आणि उन्हाळ्याची परवानगी बहुधा आधी लेखी घ्यावी लागते.

गुणांचंही तसंच. आपल्याकडचे ७८ टक्के म्हणजे बरे गुण. इथे ७८ म्हणजे सी प्लस. शाळेची श्रेणीपद्धत त्याच लेटरहेडवर छापून आणा. धाकट्याला अंतर फूट-इंचात, दूध गॅलनमध्ये आणि लाखाच्या जागी 'हंड्रेड थाउजंड' हे आधी कानावर पडू दे. स्वल्पविरामाची जागा बदलते, आणि दुसरी-तिसरीतलं मूल त्यातच अडखळतं.

लसींच्या कागदावर जास्त जण अडकतात. नऊ महिन्यांना दिलेली गोवराची लस इथे धरत नाहीत; पहिल्या वाढदिवसानंतरचे गोवराचे दोन डोस लागतात आणि गालगुंडाचाही डोस लागतो; आपल्याकडच्या सरकारी एमआरमध्ये (गोवर-रुबेला) गालगुंडाची लस नसते, एमएमआरमध्ये असते. कांजिण्यांचा डोस हवा. मुलीला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराची) लस हवी. भारतातून आलेल्या मुलांची क्षयाची चाचणी मागतात. बीसीजी ही क्षयाची लस टोचलेल्या मुलाची कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे. रक्तावरची चाचणी चालेल का, हे आधी विचारा. डॉक्टरांना तारखा महिन्याच्या नावानिशी लिहायला सांगा. ५/३ म्हणजे इथे पाच मार्च नव्हे, तीन मे.

प्रवेश पत्त्यावर ठरतो, तेव्हा घराचा करार सही करण्याआधी त्या नेमक्या घरक्रमांकाला कोणती शाळा आहे ते डिस्ट्रिक्टला विचारा, दलालाला नको. शाळाप्रवेशाच्या खिडकीवर कुणी व्हिसा मागितला तर द्यायची गरज नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालापासून इमिग्रेशनच्या कारणावरून सरकारी शाळा मूल नाकारू शकत नाही. विचारणारा बहुधा अज्ञानापोटी विचारतो.

मग 'घरी कोणती भाषा बोलता' हा फॉर्म येतो. आपले लोक धास्तीने 'इंग्लिश' लिहितात. मराठीच लिहा. मुलांची चाचणी होईल. वाचन-लेखन त्यांना जमेल, पण बोलण्याचा भाग हेडफोन लावून यंत्रापुढे असतो आणि लाजरं मूल तिथे एका शब्दात उत्तर देतं. चार-पाच वाक्यांत कारण सांगायचा सराव करून घ्या. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात टाकलं, तर पालक सेवा लेखी नाकारू शकतात. दरवर्षीची परीक्षा मात्र उत्तीर्ण होईपर्यंत सुटत नाही. नाकारण्याची घाईही नको. जिम कमिन्स या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेला फरक आजही वर्गात दिसतो: गप्पांची भाषा दोनेक वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची यायला पाच ते सात. मूल मित्रांशी फाडफाड बोलतं म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि पाचवीतल्या विज्ञानाच्या पुस्तकाशी ते एकटंच झगडत असतं.

आता माझ्या दुखऱ्या जागेवर येते. धाकट्याला वाचनात, लक्ष देण्यात काही अडचण दिसली, तर तोंडी सांगून घड्याळ सुरू होत नाही. न्यू जर्सीत विशेष शिक्षणाची गरज आहे का या तपासणीची लेखी मागणी पोचल्यापासून २० दिवसांत शाळेला बैठक घ्यावी लागते आणि तुमच्या संमतीनंतर ९० दिवसांत मूल्यमापन करून, मूल पात्र ठरलं तर त्याच्यासाठी खास मदतीचा आराखडा लागू करावा लागतो. 'नवीन आहे, रुळू दे' हे उत्तर कधी खरं असतं, कधी बजेटचं असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच ऐकू येतात. आपले पालक मान डोलावतात, 'टीचर, यू नो बेस्ट' म्हणतात, उठतात. आम्ही शाळेवाले अशांना 'कोऑपरेटिव्ह पॅरेंट' म्हणतो आणि पुढची फाइल उघडतो. आरडाओरडा करणाऱ्याचं मूल आधी तपासलं जातं. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. त्या खुर्चीत बसून त्या गप्प मानांचा फायदा मीही घेतलाय.

शिक्षकांची गोड भाषा उलगडायलाही शिका. 'शी इज अ जॉय टू हॅव इन क्लास' म्हणजे त्रास देत नाही, एवढंच. 'कुड बेनिफिट फ्रॉम सपोर्ट' म्हणजे मागे पडलंय. 'गुड जॉब' म्हणजे काहीच नाही. इयत्तेच्या अपेक्षेपेक्षा किती पुढे की किती मागे, एवढा एकच प्रश्न विचारा आणि आकडा मागा.

राजकारणाचं म्हणाल, तर तुमचे यजमान 'आपण पाहुणे, आपण लांब राहू' म्हणतात ते शाळेच्या बाबतीत चालत नाही. वॉशिंग्टनचा गोंगाट मोठा, पण शालेय खर्चातला केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. मार्च २०२५ मध्ये केंद्राचं शिक्षण खातं गुंडाळण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला. खातं कायद्याने रद्द करणं काँग्रेसच्या हातात आहे. तुम्हाला जाणवेल असा बदल वेगळाच: त्याच महिन्यात या खात्याच्या, शाळेतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात शाखा बंद करण्याचं ठरलं, त्यात न्यू जर्सीच्या तक्रारी पाहणारी न्यू यॉर्कची शाखाही. म्हणून तक्रार आधी गावात आणि राज्यात लढायची तयारी ठेवा.

गावात सत्ता असते निवडून आलेल्या, बिनपगारी शाळा मंडळाची. मालमत्ता कराचा साधारण निम्मा भाग शाळेला जातो, भाडेकरूही तो भाड्यातून भरतात. मत तुम्हाला नाही, पण सभा खुली असते आणि काही मिनिटं बोलता येतं. मार्च ते मे बजेटचे महिने. कपात आली की समुपदेशक आणि ग्रंथपाल आधी डोळ्यांवर येतात. त्या एका सभेला जा.

चिडवणं होईल, डब्यावरून नाही तर उच्चारावरून. न्यू जर्सीत २०११ पासून यासाठी कडक कायदा आहे. तारीख, जागा, नेमके शब्द लिहून प्राचार्यांना ईमेल करा आणि त्यात 'एचआयबी' (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) ही तीन अक्षरं घाला. मग एका शालेय दिवसात चौकशी सुरू आणि दहा शालेय दिवसांत पूर्ण व्हावी लागते. ती अक्षरं नसली तर प्रकरण 'मुलांची आपापसातली कुरबुर' होऊन विझतं.

घरातल्या चापटीबद्दलही सांगून ठेवते. मुलाने वर्गात सहज म्हटलं आणि शिक्षकाला शंका आली, तर कळवणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. चौकशीला आलेल्या माणसाशी वाद घालू नका.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. फेब्रुवारीत जास्त. तुमच्या आय-९४ वर (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) 'एल-२एस', म्हणजे एल-१ वाल्याची पत्नी, असं लिहिलंय का ते उतरल्यावर लगेच बघा, म्हणजे नोकरीला वेगळी परवानगी लागत नाही. गाडी चालवायला पहिल्या महिन्यात शिका. बाकी मराठी मंडळ, गणपती, रविवारची मराठी शाळा आहेच.

एक हिशेब मात्र निघण्याआधी करा. मुलगी एकविसाची झाली की तुमच्या व्हिसावरून उतरते. एल-१बी ला (विशेष ज्ञान असलेल्यांचा) पाच वर्षांची मर्यादा, एल-१ए ला (व्यवस्थापकांचा) सात. ईबी-२, ईबी-३ या नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या वर्गांत भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे, आणि ग्रीन कार्ड नसलेल्या मुलीला कॉलेजसाठी केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. ग्रीन कार्डची फाइल कंपनी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्गात उघडणार, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी यजमानांना लेखी विचारायला सांगा.